पदवीची पसंती

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बर्फाच्या देशाने दिलेली एक पदवी मेंढरांच्या देशाला चालते की नाही, या आंतरराष्ट्रीय प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी दौंड तालुक्यातील राहू गावी, माझ्या मामाच्या ओसरीवर, एक गुप्त बैठक भरली होती. बैठकीला मामा, मामी, त्यांची मुलगी म्हणजे माझी ताई, आणि मी असे हजर होतो. एक शेळीही होती, पण तिला मताचा अधिकार नव्हता. कामकाज चहाने सुरू झालं आणि चहानेच तहकूब झालं.

दोन हजार साल उलटून थोडाच काळ झाला होता. दोन्ही देशांची खरी नावं मला ठाऊक आहेत, पण मामाने ती कधी तोंडात घेतली नाहीत, म्हणून मीही घेत नाही. जिथे ताई शिकली तो बर्फाचा देश. जिथे तिला नोकरीला जायचं होतं तो मेंढरांचा. मामाच्या भूगोलाला एवढं पुरायचं.

मामाच्या वडिलांपर्यंत आमचं आजोळ मेंढरांमागं फिरलेलं. पाटाचं पाणी आलं तसा मामाने ऊस लावला, पक्कं घर बांधलं आणि फिरणं थांबवलं. तरी रस्त्यात कळप भेटला की तो आधी मेंढरांकडे बघायचा आणि मग माणसांना रामराम घालायचा. त्यामुळे ताईला शिष्यवृत्ती मिळून ती जनावरांची डॉक्टर व्हायला परदेशी निघाली, तेव्हा भावकीने नाकं मुरडली तरी मामा ढिम्म. "मेंढरामागं आमची माणसं कोकणापतुर गेली," तो म्हणाला, "ही जरा फुडं चाललीया."

काही वर्षांनी ताई परत आली ती पदवी आणि एक केसाळ टोपी घेऊन. टोपी तिने मामाला दिली. थंडीच्या दिवसांत पहाटे ती घालून मामा उसाला पाणी द्यायचा, आणि धुक्यातून येणाऱ्या दूधवाल्याने एकदा त्याला अस्वल समजून किटली टाकून पळ काढला होता. टोपीचा असा लगेच उपयोग झाला. पदवीचं मात्र काय करायचं, हे इथं कुणालाच नीट सांगता येईना. विद्यापीठाचं नाव वाचतानाच लोकांची जीभ अडखळायची. शेवटी तळेगाव ढमढेऱ्याच्या एका जनावरांच्या डॉक्टरांनी तिला हाताखाली घेतलं. मोपेडवर बॅग अडकवून ती वाड्यावस्त्यांवर जायची. लोक दार उघडून विचारायचे, "डॉक्टर न्हाई आलं व्हय?"

ती हे हसून सांगायची. फक्त एकदा, पाण्याच्या मोटारीच्या हौदावर पाय सोडून बसली असताना, ती मला म्हणाली, "इथं मी डॉक्टरांची पोरगी, न्हाईतर कंपाउंडर. त्या मेंढरांच्या देशानं पदवी मानली ना, तर एकदा कुणीतरी मला नुसतं डॉक्टर म्हणेल." मग तिने पाण्यात खडा टाकला आणि विषय बदलला.

मी त्या वेळी शिरूरच्या एसटी स्टँडजवळ एका मित्राबरोबर इंटरनेटचं दुकान चालवत होतो. चार संगणक, मध्ये फुलाफुलांचे पडदे, आणि बाहेर चपलांचा ढीग, कारण संगणकाला धूळ चालत नाही अशी आमची श्रद्धा होती. फोन लागताना मोडेम जो किंचाळत असे तो आवाज आजही कानात आहे. आता सगळं गुपचूप चालतं. त्या काळी इंटरनेट येताना वाजतगाजत यायचं.

ओसरीवरच्या बैठकीत ठरलं तसे मामा आणि ताई वडापच्या जीपमधून आले. मामाने चपला काढल्या, डोक्यावरची पांढरी टोपी सारखी केली आणि देवळात बसावं तसा पडद्यामागे बसला. मी त्या देशाच्या पशुवैद्यक मंडळाचं पान उघडलं. बर्फाच्या देशातल्या त्या विद्यापीठाबद्दल सरसकट हो किंवा नाही असं काही नव्हतं. प्रत्येक अर्ज वेगळा तपासू, असं लिहिलं होतं. तुमच्या विद्यापीठाकडे चौकशी करू, तुम्ही जिथे काम करता तिथे चौकशी करू, आणि मग कळवू.

मी हे मराठीत सांगितलं मात्र, मामाचा चेहरा उजळला.

"म्हंजी स्थळच की रं."

"मामा, नोकरी आहे ती."

"आरं, आधी कागद मागत्यात, म्हंजी पत्रिका. मग शेजारीपाजारी इच्यारत्यात, म्हंजी चौकशी. मग पसंती कळवत्यात. मला का शिकवतूस? मी तीन बहिणी उजवल्यात."

माझी आई त्यातलीच एक, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं.

स्थळ म्हटलं की आमच्याकडे पहिला नियम येतो तो गुप्ततेचा. पसंती येईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, कारण भांजी मारणारे टपलेले असतात. पाहुणे फाट्यावर चहा पितात, कुणीतरी बाकड्यावरून हळूच म्हणतं, "पोरगी चांगली हाय, पण…" आणि त्या 'पण'वर सोयरीक मोडते. ताईचं एक जमत आलेलं लग्न असंच मोडलं होतं. कुणीतरी म्हटलं होतं, पोरगी चांगली आहे, पण परदेशात एकटी राहिलीय. मामा ते विसरला नव्हता. म्हणून त्याने तिथेच, त्या फुलाफुलांच्या पडद्याआड, फर्मान काढलं.

"आपुन चौघं. पाचव्याला कळता कामा न्हाई."

"डॉक्टरांना तरी सांगू द्या, आप्पा," ताई म्हणाली. ती वडिलांना आप्पा म्हणायची. "त्यांचाच फोन नंबर द्यावा लागतोय."

"नंबर दे. त्यांची चौकशी नुसती कागदावर आसतीया. वेळ आली तर बगू."

अर्ज गेला. विद्यापीठाचे कागद गेले. आणि त्यानंतर सगळ्या राहू गावात आम्ही चौघं असे चालायला लागलो की ज्याला काही ठाऊक नव्हतं त्यालाही शंका यावी. मामी तर दुकानात मीठ मागतानासुद्धा कुजबुजायची.

काही आठवड्यांनी मंडळाचं उत्तर आलं. मी वाचलं. पुन्हा वाचलं. मग शेजारच्या पडद्यात बसलेल्या पोरांना न विचारता पंखा माझ्याकडे वळवून घेतला. मंडळाच्या बाईंनी अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं की, आपण काम करता तिथल्या डॉक्टरांशी आमचं फोनवर बोलणं झालं. आपण गव्हाळ वर्णाच्या असून स्वयंपाक उत्तम करता, हे त्यांनी सांगितलं. मात्र लग्नानंतर आपण काम करणार नाही, नोकरीचा आपला हट्ट नाही, असंही त्यांनी ठामपणे सांगितल्यामुळे आम्ही थोडे गोंधळलो आहोत. तरी कृपया खुलासा करावा.

ताईला वाचून दाखवलं तेव्हा ती हसली नाही. तिने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर एसटी मागे घेताना कंडक्टर घंटी वाजवत होता. "संपलं म्हणायचं," एवढंच ती म्हणाली.

त्याच दुपारी आम्ही तळेगावला गेलो. ताई, मी, आणि गुप्ततेचा जनक मामा. बाजारचा दिवस होता, त्यामुळे जीपमध्ये आमच्या मांडीवर वांग्यांची पाटी होती. डॉक्टर दवाखान्याबाहेर एका बैलाच्या खुराला पट्टी बांधत होते. ताईला बघून खूश झाले.

"ये गं. तुझं काम केलंय बरं का मी. बोललो नव्हतो मुद्दाम."

"कुठलं काम, सर?"

"फोन आला होता. परदेशातून, बाईमाणूस. तुझी विचारपूस करत होती. कशी आहे, किती दिवसांपासून ओळखता, विश्वासू आहे का. म्हटलं, मुलाची आई दिसतीय. शिकलेली माणसं आहेत, थेट इंग्रजीतनं बोलतायत. मी काही कसर ठेवली नाही."

"काय सांगितलं?" मामाने विचारलं. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

"सगळं. गर्ल इज व्हेरी गुड. व्हीटिश कलर. कुकिंग नंबर वन. फादर इज बागायतदार. ती बाई म्हणाली, काम? म्हटलं, छे छे. नो वर्क आफ्टर मॅरेज. नो हट्ट. शेवटी म्हटलं, नो डिमांड, डिसेंट फॅमिली." ते जरा थांबले. "मागच्या वेळी कुणीतरी भांजी मारली होती ना. म्हटलं, या खेपेला आपण भक्कम बाजू लावू."

बैलाने फुरफुर केली. मग मामाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, जी तो फक्त मयताला आणि पतपेढीच्या साहेबांपुढे काढायचा.

"डॉक्टर, तुमची चूक न्हाई. समदं झाकून ठेवायला मी सांगितलं हुतं."

आणि मग त्याने बाजारात, बैल, बैलाचा मालक आणि दोन कांदेवाल्या बायकांसमोर, गुप्त बैठकीचा वृत्तान्त पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. पदवी, मंडळ, मेंढरांचा देश, सगळं. कांदेवालीने मध्येच विचारलं, "मग पगार किती देनार?" मामा म्हणाला, "ते पसंतीनंतर."

डॉक्टर पट्टीची गुंडाळी हातात धरून उभेच राहिले. "म्हणजे तू जाणार," ते ताईला म्हणाले. बघत मात्र ते बैलाच्या खुराकडे होते.

"मान्य झाली तर, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, कारण त्या देशात तोवर ऑफिस उघडून बराच वेळ झालेला असतो, आम्ही तळेगावच्या एसटीडी बूथवर जमलो. काचेच्या खोलीत एकालाच जागा होती, पण आम्ही दार उघडं ठेवलं आणि सगळेच आत असल्यासारखे उभे राहिलो. डॉक्टरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फोन लागला. सुरुवातीला त्यांनी सॉरी इतक्या वेळा म्हटलं की बूथवाल्याने मीटरकडे बघून मान हलवली.

मग बाईंनी ती काम कसं करते, असं काहीतरी विचारलं असावं. डॉक्टर अडले. त्यांनी ताईकडे बघितलं. ताईने मान खाली घातली, कारण स्वतःबद्दल स्वतःच सांगणं तिच्या संस्कारात बसत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. राहूच्या एका वस्तीवर मेंढी अडली होती. कोकरू आत आडवं.

"आय सेड, फिनिश," डॉक्टर फोनमध्ये म्हणाले. "शी सेड, वेट सर. शी लाय डाउन इन मड. फुल मड. हॅण्ड इनसाइड, व्हेरी स्लो." त्यांनी मोकळा हात हवेत वळवून दाखवला, जसं काही बाईंना तिकडे तो दिसत होता. "देन वन लँब. देन अनदर लँब. बोथ अलाइव्ह. मदर ऑल्सो."

मग बाईंनी अजून एक प्रश्न विचारला. डॉक्टरांनी तो ऐकला आणि खूप सावकाश उत्तर दिलं.

"मॅडम, आय डोन्ट वॉन्ट हर टू गो. बट शी इज अ डॉक्टर."

मी ताईकडे बघितलं नाही. काही वेळा न बघणंच बरं. मामाने मात्र बघितलं. मग तो मला म्हणाला, "काय म्हनलं रं ते?" मी सांगितलं. मामा बूथबाहेर जाऊन उगाचच उसाच्या ट्रॉलीची मोळी नीट करू लागला. ट्रॉली दुसऱ्याची होती.

तो बूथ आता नाही. तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. डॉक्टरही नाहीत. पण तळेगावच्या त्या कोपऱ्यावरून गेलो की माझा हात आपोआप हवेत सावकाश वळतो, आणि बरोबरची माणसं विचारतात, काय झालं.

शेवटचं उत्तर आलं तेव्हा मी ते उघडलंच नाही. असे प्रसंग एकट्याने खर्च करायचे नसतात. राहूला शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला: आलंय, या. मामा आला, ताई आली, आणि आश्चर्य म्हणजे मामीही आली, नवं लुगडं नेसून, ओटीत कुंकवाचा करंडा घेऊन. या सगळ्या प्रकरणात ती आजवर एक शब्द बोलली नव्हती. तिला मी खुर्ची दिली. ती खुर्चीवर मांडी घालून बसली.

मोडेम किंचाळला. पान हळूहळू, वरून खाली, एकेक ओळ उतरत उघडलं. मी घसा साफ केला. शेजारच्या पडद्यांमागची टकटकही थांबली, कारण तोवर दुकानातल्या सगळ्यांना ही गोष्ट ठाऊक झाली होती. मी वाचलं की, मंडळाने सर्व कागद आणि चौकशी पाहून बर्फाच्या देशातली ती पदवी मान्य केली आहे, आणि आपण आमच्याकडे नोंदणी करून काम करू शकता. पत्राच्या वर ताईच्या नावाआधी डॉक्टर असं लिहिलं होतं. ते मी दोनदा वाचलं.

ताईने पडद्याचं टोक हातात घट्ट धरून ठेवलं होतं. मामा म्हणाला, "पसंत हाय," आणि मान हलवत राहिला. पलीकडच्या पोरांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. मामीने करंडा उघडला, संगणकाच्या काचेला कुंकवाचं बोट लावलं, मी अडवायच्या आत. मग तिने आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"समदं त्यांनीच इच्यारलं. पैल्या दिवाळीला पोरीला माहेरी धाडनार का, ते तुमी कुणी इच्यारलंत का?"