फोटोतलं माणूस आणि ईनबाईंचा डोळा

आमच्या नांदेडच्या घरात बैठकीच्या भिंतीवर तीन फोटो आहेत. पहिला माहूरच्या रेणुकामातेचा. दुसरा आमच्या मालकांचा, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. तिसरा देशाच्या एका पुढाऱ्याचा. त्या पुढाऱ्याचं नाव मी लिहिणार नाही. पुरुष होता का बाई, तेही सांगणार नाही. नाव वाचलं की निम्मे लोक पुस्तक मिटवतील आणि निम्मे मला जेवायला बोलावतील, माझ्या सांगण्याकडं मात्र कुणाचंच लक्ष राहणार नाही. म्हणून मी आपली 'फोटोतलं माणूस' म्हणते.

हा फोटो मी लावलेला आहे. माझं माहेर नायगावकडचं. त्या मोठ्या दुष्काळात मी अकरा-बारा वर्षांची असेन. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. माझी आई खोदायची नि मी टोपल्यानं माती वाहायची. दुपारी सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठासारखी, गोडसर. ओंजळीत घेतली की मी आधी वास घ्यायची, मग खायची, आणि मग हात चाटायची. कुणीतरी मोठं म्हणालं, ही सुकडी दिल्लीहून त्या अमक्यानं धाडली. झालं! माझ्या मनात ते माणूस तिथंच बसलं. पुढं लग्न झालं, लेकरं झाली, लेकरांच्या पुस्तकातून मी वाचायला शिकले, त्या माणसाबद्दल बरंवाईट पुष्कळ वाचलं. पण सुकडीचा वास काही जाईना. एका कॅलेंडरवर चित्र मिळालं तेव्हा मी ते कापलं, देवाचे फोटो बसवतात त्या दुकानात नेऊन काच बसवून आणलं, आणि मालकांच्या फोटोशेजारी लावलं. तिघांनाही प्लॅस्टिकचे सारखेच हार घातले. पुढचा सगळा घोळ त्या हारामुळं झाला.

आता ईनबाईंचं सांगते. म्हणजे माझ्या सुनेची आई, माझी विहीण. आमच्याकडं विहीणबाई म्हणायला जीभ वळत नाही, ईनबाईच म्हणतात. त्यांचं गाव लातूरच्या पुढं, औशाकडं. बाई कष्टाळू, तोंडाच्या खमक्या, आणि जुन्या रीतीच्या. लेकीच्या घरी चार दिवस राहणं म्हणजे त्यांना डोंगर उचलल्यासारखं वाटायचं. आल्या की आमटीला लावायच्या येसराचा डबा, शेंगदाण्याची चटणी, काहीतरी घेऊनच यायच्या. पण गेल्या उन्हाळ्यात त्यांना यावंच लागलं. मोतीबिंदू पिकला होता. त्यांचा मुलगा दिवसभर शेतात, सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. औषधाचे थेंब दिवसातून सहा वेळा कुणी घालायचे? आमच्या सुनेनं हट्ट धरला, नांदेडलाच ऑपरेशन करायचं आणि पंधरा दिवस इथंच राहायचं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी बजावलं, धुराजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, थेंब चुकवायचे नाहीत, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात जाईल. ईनबाई घरी आल्या. खुर्चीवर बसल्या. काळा चष्मा जरा वर करून इकडंतिकडं बघायला लागल्या. गंमत वाटत होती त्यांना. म्हणाल्या, "ईनबाई, तुमच्या साडीला बुट्टे हायेत व्हय? मला आजवर सपकच वाटायलती."

मग त्यांनी भिंतीकडं पाहिलं, आणि पाहतच राहिल्या.

"ते तिसरं कोण हाय?"

मी नाव सांगितलं.

ईनबाईंचं तोंड उतरलं. "माय! म्या आजवर जवाच्या तवा हात जोडले की हो ह्याला! मला वाटलं, तुमच्या घरातलं कुणी जुनं माणूस हाय. हार घातलेला, शेजारी इवाई, तुमचे मालक. आले की जोडले, निघाले की जोडले."

मला हसू फुटलं. सुनेलाही फुटलं, पण ती तोंडाला पदर लावून आत पळाली. मला काही पळता आलं नाही. मी तिथंच बसून डोळ्यांत पाणी येईतो हसले.

"हसा, हसा. ह्या माणसापायी माझ्या बापाचं शेत गेलं. दुष्काळात तलाव काढला आमच्या गावाला. काळं शेत, विहिरीसकट, सगळं बुडवलं."

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण गप्प बसायची मला सवय नाही. मी म्हणाले, "अहो, एका शेतापायी माणूस वाईट होतंय व्हय? गाव तर जगलं ना? आम्ही तसल्याच कामावर जगलो."

 ईनबाईंनी चष्मा खाली केला. मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर पिशवी भरून दारात उभ्या. सून रडकुंडीला आली. माझा मुलगा वाटेत आडवा उभा राहिला. पण "माझ्या घरी मला दिसतंय तेवढं बास हाय," म्हणून पहिल्या एसटीनं गेल्या.

आणि थेंबांची बाटली आमच्या फ्रिजमध्ये राहिली.

सुनेनं फोन केला. "आई, थेंब?"

"दिसायलंय मला," पलीकडून उत्तर, आणि फोन बंद.

 सून घरात भांडी जरा जास्त आवाज करून ठेवत होती. मला आत्या म्हणते ती, एरवी दिवसाला पन्नास वेळा म्हणते. त्या दिवशी एकदाही म्हणाली नाही. संध्याकाळी मीच तिला म्हणाले, "माझ्या तोंडामुळं तुझ्या आईचा डोळा गेला तर मी कुठं फेडू? उद्या सकाळी मला गाडीत बसवून दे."

तिनं बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली, फडकं स्टीलच्या डब्यात घातलं, डबा माझ्या पिशवीत. "आत्या, तिकडं जाऊन पुन्हा सुरू करू नका," एवढंच म्हणाली. आत्या म्हणाली म्हणून मला बरं वाटलं.

लातूरची गाडी लोह्यापर्यंतच गच्च भरली. माझ्या शेजारी लातूरला जाणारी एक बाई होती, आणि डोक्याशी दांड्याला धरून एक साठीचे बाबा उभे होते. कंडक्टरनं मला अर्धं तिकीट फाडून दिलं. शेजारीण खुशीत म्हणाली, "अर्ध्या तिकिटानं माहेर जवळ आलं बगा. देणारं सरकार लई चांगलं."

वरून बाबा म्हणाले, "चांगलं? बायांला अर्धं केल्यापासून आमी लातूरपतोर उभेच चाललाव."

कंडक्टर म्हणाला, "बाबा, पासष्टचे व्हा, तुम्हालाबी अर्धं देतो."

"अन जागा?"

"जागेचं मी काय सांगू?"

सगळी गाडी हसली. मीही हसले, पण हसता हसता मनात काहीतरी टोचलं. एकच गाडी, एकच तिकीट. बसलेल्या बाईला सरकार चांगलं आणि उभ्या बाबांना वाईट. दोघांतलं खोटं कुणीच बोलत नव्हतं. बाबांच्या पिंढऱ्या खरंच दुखत असणार. मी बसलेली होते म्हणून मला त्या बाईचं पटलं, एवढंच. चाकूर येईपर्यंत मी तेच घोळवत बसले. शेवटी बाबांना म्हणाले, "बसा जरा, मी उभी राहते." ते म्हणाले, "बसा बाई, तुमी पडला तर मलाच उचलावं लागल."

लातूरला उतरून दुसरी गाडी, मग जीप. ईनबाईंच्या दारात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. काळा चष्मा कपाळावर, हातात भाकरी, डोळा टोमॅटोसारखा लाल. मला बघून हललीच नाही बाई. पण दारात आलेल्या विहिणीला पाणी न देणं त्यांच्या रक्तातच नाही. उठल्या, पाय धुवायला तांब्या दिला, आणि मग म्हणाल्या, "फोटोतल्या माणसानं सोडलं व्हय तुमाला?"

"आधी मान वर करा," मी म्हणाले. "थेंब घालते. मग हवं तेवढं भांडू."

"म्या घालायले की. ते पाणी घेऊन."

"कशाचं पाणी?"

"मेडिकलातलं गुलाबपाणी."

मी कपाळाला हात लावला. त्यांना बाजेवर बसवलं, डोकं धरलं, थेंब घातला. चूल मी विझवली. भाकरी अर्धी कच्ची होती, ती तशीच दोघींनी खाल्ली.

खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "चला. दाखवते."

काळा चष्मा लावून त्या पुढं आणि मी मागं. पारावरच्या बायांनी विचारलं, "हिरोईन कुठं निघाली?" ईनबाई म्हणाल्या, "ईनबाईला माझ्या बापाचं शेत दाखवायले."

तलाव उन्हाळ्यामुळं आत सरकला होता. भेगाळलेला गाळ, आणि त्या गाळातून वर आलेला विहिरीचा गोल दगडी कठडा. निम्मा बुडलेला, निम्मा कोरडा. ईनबाई काठावर थांबल्या.

"दर उन्हाळ्याला एवढाच दिसतो. माझा बाप मरंपतोर दर वर्साला यायचा अन ह्या दगडावर बसायचा. बोलायचा न्हाई काही. तलाव खोदायलते तवा ह्या बांधावर उभा राहून बगायचा. बाया-लेकरं टोपल्या टाकायलेत, हसायलेत, सुकडी खायलेत. मला जवळ घेऊन म्हणायचा, त्यांची चूक न्हाई बाई, त्यांला भूक हाय. शेत गेलं तशी मला लगेच उजवली, गावातल्या गावातच. दहावं लागलं होतं मला. शेत असतं तर दोन-चार वर्सं घरी राहिले असते. शाळेत जायची मी."

 मी इतकी वर्षं त्या सुकडीचा वास घेऊन बसले होते. टोपलं डोक्यावर घेऊन किती खेपा केल्या असतील मी! पण आपण माती कुणाच्या शेतात टाकतोय, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. आमच्या गावच्या तलावाखालीही कुणाचं तरी शेत असणारच. त्या घरातलीही एखादी पोर कुठंतरी लवकर दिली असेल. ती आज कुठं असेल, तिच्या भिंतीवर कोणाचा फोटो असेल, मला काय ठाऊक?

मी म्हणाले, "ईनबाई, मी परवा वाईट बोलले. एका शेतापायी म्हणाले. ते एक शेत तुमचं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

त्यांनी चष्मा नीट बसवला. मग म्हणाल्या, "खोटंबी नव्हतं तुमचं. ह्या तलावाच्या पाण्यावर गावातली पन्नास घरं भाजी करायलेत. माझा पोरगाबी त्याच पाण्यावर वांगी लावतो. म्या काय ती वांगी टाकून देते व्हय? पण तुमी हसला ते मला लागलं."

"हात जोडले म्हणून हसले हो."

"ते म्हणा. ते मलाबी आता हसू यायलंय."

आणि खरंच हसल्या. काठावर उभ्या राहून दोन म्हाताऱ्या हसत होत्या, एकीच्या डोळ्यांवर काळा चष्मा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नांदेडला आलो. येसराचा डबा आलाच, त्यांच्या मुलानं वांग्याचं पोतंही गाडीत टाकलं. डॉक्टरांनी डोळा बघितला, रागावले, पण डोळा वाचला आहे म्हणाले. सुनेनं दवाखान्याच्या दारातच दोघींचे हात धरले, एका हातात एकीचा, दुसऱ्यात दुसरीचा, आणि रस्ता ओलांडला.

घरी आलो तर भिंतीवर दोनच फोटो. तिसऱ्याच्या जागी पांढरा चौकोन. सुनेनं काढून कपाटामागं ठेवला होता.

ईनबाईंनी चष्मा वर केला. "कुठं गेलं ते माणूस?"

"काढलं," सून म्हणाली.

"कामून? माझ्यासाठी? तुझ्या सासूला सुकडी दिली त्यानं. लाव परत. भिंत भुंडी दिसायलीय." मग माझ्याकडं वळून, "हात मात्र म्या जोडणार न्हाई हां ईनबाई."

"नका जोडू."

"अन माझी खुर्ची फिरवा. पाठ त्याच्याकडं."

खुर्ची फिरवली, फोटो परत लावला. सगळं नीट झालं म्हणून मी थेंबांची बाटली घेऊन आले आणि तेव्हा ध्यानात आलं. खुर्ची भिंतीला टेकलेली, फोटो बरोबर त्यांच्या डोक्यावर. थेंब घालायचे म्हणजे मान पार मागं टाकायची. मान मागं टाकली की समोर तेच माणूस, उलटं.

"डोळा उघडा, ईनबाई."

"उघडलाय."

"गच्च मिटलाय तुम्ही."

"वर कोण हाय ते बगा की."

"दिवसातून सहा वेळा आहे हे, अजून दहा-बारा दिवस. किती वेळा मिटाल?"

एक डोळा हळूच उघडला. मी थेंब सोडला. ईनबाई वर बघत म्हणाल्या, "उलटं बरं दिसतंय. असंच राहू द्या."