बाळंतिणीच्या खोलीतली हवा

कुणाच्याही घरी गेले की आमच्या शेजारचे काका चपला काढायच्या आधी खिशातून पावडरची चपटी डबी काढायचे. चिमूटभर पावडर हवेत सोडायची, ती कुठल्या बाजूला जाते ते मान तिरकी करून बघायचं, आणि मग यजमानाला विचारायचं, "हवा येते कुठून? आणि जाते कुठून?" तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. चहा टाकावा की खिडकी उघडावी, तेच आपल्याला कळत नाही.

चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत जमिनीखाली हवा खेळती ठेवण्याचं काम त्यांनी जन्मभर केलं होतं. निवृत्त झाले, बायको गेली, म्हणून लखनौला मुलाकडे आले. मुलगा अमौसीला विमानतळावर नोकरीला. त्याचं घर आमच्या शेजारी, मधे फक्त अंगणाची भिंत. गल्लीतली पोरं त्यांना 'हवावाले चाचा' म्हणायची.

हजरतगंजात एका साड्यांच्या दुकानात त्यांनी पावडर उडवली आणि ती नेमकी काळ्या रेशमी साडीवर बसली. दुकानदार लखनवी, तो कसला चिडतो! "चाचा, हवा तो ऊपरवाला देता है, आप पान लीजिए," म्हणाला. काकांनी पान घेतलं, आणि वर त्यालाच मागची खिडकी उघडायला लावली.

जमिनीवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "खालून कोळसा काढला की वरची जमीन हळूहळू बसते गं. कापसाच्या भरल्या पऱ्हाटीचं शेत परातीसारखं खोल होऊन त्यात पाणी साचलेलं मी पाहिलंय," म्हणायचे. आमच्या अंगणातल्या भिंतीला एक चीर होती. तिच्यावर त्यांनी काचेची पट्टी आडवी चिकटवली. भिंत जराशी जरी हलली, तर काच आधी तुटणार. आणि एका सकाळी खरंच तुटली की! काकांनी दोन्ही घरं रिकामी करून सगळ्यांना गल्लीत उभं केलं. सासूबाई ओल्या केसांनी, मी सात महिन्यांचं पोट घेऊन. तेवढ्यात दूधवाला भैया ओशाळून म्हणाला, "माफ करना चाचा, हमारी साइकिल लग गई थी."

सासूबाईंनी त्या दिवशी काकांचं नाव टाकलं. "म्हाताऱ्याला चळ लागलाय," म्हणाल्या.

थंडीत मला मुलगी झाली. लखनौची थंडी म्हणजे दुपारपर्यंत धुकं आणि हाडात शिरणारा गारठा. आम्ही पडलो वऱ्हाडातले, आम्हाला ऊन सोसतं, हे नाही. सासूबाईंनी खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबली, वरच्या झरोक्यात, इकडच्या भाषेत रोशनदानात, गोधडीचा बोळा घातला आणि रीतीप्रमाणे माझ्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली. वर ओव्याची धुरी. "बाळंतिणीला वारा लागला की जन्माचं दुखणं," हे त्यांचं पालुपद. माया होती हो, निव्वळ माया.

माझं डोकं ठणकायला लागलं. मळमळायचं. मुलगी प्यायची नाही, नुसती झोपून राहायची. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. म्हणाल्या, "गुणाची आहे, रडत नाही."

काका बाळाला बघायला आले, उंबऱ्याबाहेर थांबले. सवयीने डबी काढली. पावडर सरळ खाली पडली. इकडे नाही, तिकडे नाही.

"पोरी, डोकं दुखतं का गं?"

"हो काका. फार."

"आणि ही?"

"झोपते सारखी," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

काका चपलांसकट आत आले. बाळंतिणीच्या खोलीत, चपलांसकट! मुलीला उचललं आणि अंगणात धावले. जाताजाता ओरडले, "शेगडी बाहेर! सुनेला बाहेर आणा!" हे बाहेरून धावत आले, त्यांनी मला धरून उठवलं. सासूबाई मागे धावल्या, "भाऊ, लेकराला थंडीत मारता का?"

मी दाराला धरून पाहत होते. काकांनी मुलीच्या नाकाशी तळहात धरला होता, दुसऱ्या हाताने तिचे तळवे चोळत होते. पोरगी पांढरीफटक. आणि मग ती रडली. केवढी रडली! काका धुण्याच्या दगडावर मटकन बसले आणि म्हणाले, "रड बाई, रड. खाणीतून असे बाहेर काढले, त्यातले सगळे नाही गं रडले."

इस्पितळात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "बंद कमरे में अंगीठी? ज़रा और देर करते तो दोनों नहीं बचतीं." सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. कुणाकडे बघत नव्हत्या.

आम्ही घरी आलो तर काका दोरी आणि दोन जाड चादरी घेऊन हजर. मला वाटलं, आता सुनावतील. ते सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, तुमचं खरं आहे. बाळंतिणीला वारा लागू नये. पण हवा हवी. खाणीत आम्ही पडदे लावूनच हवा वळवतो." त्यांनी खिडकी थोडी उघडली, खिडकी आणि बाजेच्या मधे चादरींचा पडदा ताणला, रोशनदान मोकळं केलं. हवा पडद्याला वळसा घालून हळूच आत यायची आणि वरून निघून जायची. शेकायला म्हणून वीट अंगणात तापवून, फडक्यात गुंडाळून आणायची.

सासूबाई बाजेवर बसल्या. गाल पुढे करून बराच वेळ थांबल्या. "वारा लागत नाही," म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावला आणि हमसून रडल्या. काका पडद्याची गाठ उगाच पुन्हा बांधत राहिले.

पुढे काकांच्या मुलाची बदली झाली आणि काका चंद्रपूरकडे परतले. जाताना सासूबाईंनी डिंकाचे लाडू दिले. "बाळंतिणीचे मला?" म्हणून ते हसले, पण डबा घेतला.

मुलगी शाळेत जायला लागली, त्या थंडीत काका गेल्याचा फोन आला. सासूबाईंनी ऐकलं. उठल्या आणि खोलीची खिडकी सताड उघडली. धुकं थेट आत आलं.

"आजी, ठंड लग रही है!" मुलगी रजईतून ओरडली.

"लागू दे," सासूबाई म्हणाल्या. "तक्रार करायला तू आहेस ना गं."