बिबट, या बाजूला

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. तुम्ही हसणारच, ते मला माहीत आहे. पण निदान तोंडातला चहा तरी गिळून घ्या. ठसका लागला तर त्याचाही दोष माझ्यावर येईल, आणि एक बिबट आधीच माझ्या नावावर आहे!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मध्य प्रदेशातल्या सौंसरला कचेरीत बाबू होतो. तिकडे पेंचच्या जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं होतं, आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. नागपूरचे लोक जंगल पाहायला निघतात, सौंसरच्या स्टँडवर उतरतात, चहा पितात, संत्री घेतात आणि चालले पुढे! का हो? आमच्या टेकड्यांत काय कमी आहे? रोही, म्हणजे नीलगायी, आहेत, चितळ आहेत, मोर तर कोंबड्यांसारखे फिरून राहिले. आणि एका लाकूडतोड्याने टेकडीवर बिबट पाहिला होता. अगदी शपथेवर सांगत होता.

मी ठरवलं, सौंसरला पर्यटन आणायचंच. माणसं जनावर पाहायला आली की जनावर मारणारेही शहाणे होतील. मेलेला बिबट एक दिवस कामाचा. जिवंत असला तर वर्षानुवर्षं पाहुणे आणेल. बरोबर आहे की नाही? आजही मला ते बरोबरच वाटतं!

बायकोला, सुलोचनाला सांगितलं. ती पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "आवो, पण बिबट्याले इचारलं का तुमी?"

असल्या बोलण्यानं मी मागे हटणारा नव्हतो. आता बिबट पाहायला यायचं, तर लोकांना रस्ता नको का दाखवायला? म्हणजे पाटी पाहिजे. बोरगावला माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा, संत्र्याचा मळा होता. दोनशे झाडं, अगदी सडकेला लागून. तिथे एक पत्रा पडलेला दिसला. उचलला. लाल रंग आणला आणि बसलो लिहायला.

आधी मोठ्ठं 'बिबट'. बसमधून दिसलं पाहिजे ना! मग बाण. मग 'या बाजूला'. त्याच्यापुढे लिहायचं होतं, 'टेकडीवर, चार किलोमीटर, वाटाड्या घेऊन जावे.' पण 'बिबट' एवढा फुगला होता, की पत्र्यावर जागाच उरली नाही. म्हटलं, बाकीचं दुसऱ्या पत्र्यावर लिहू. कोपऱ्यात इवलीशी जागा होती. तिथे काय लिहिलं असेल मी?

'आदेशानुसार.'

बाबूचा हात हो! त्याच्याशिवाय थांबतच नाही.

पाटी सडकेच्या कडेला ठोकली. बाण बरोब्बर टेकडीकडे. आता बाण आणि टेकडी यांच्या मध्ये काय होतं? मामाजींचा मळा! पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. डोक्यात नुसते पाहुणे.

दुसऱ्याच दिवशी कचेरीच्या कामाने मला पाच दिवसांसाठी छिंदवाड्याला पाठवलं. परत येऊन सौंसरच्या स्टँडवर उतरतो, तर चहावाला धावत आला.

"बाबूजी, तुमच्या सासऱ्याच्या मळ्यात बिबट हाय म्हनतेत!"

दुसरा असता तर घाबरला असता. मी? मी त्याला मिठी मारली! मनात म्हटलं, मी काय सांगत होतो? टेकडीवरून पठ्ठ्या स्वतः खाली आला!

तसाच मळ्यावर गेलो. संत्री पिकून पिवळीजर्द झालेली, झाडाखाली नुसता सडा. मामाजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डोकं धरून बसले होते.

"जवाईबापू, तोडीले एक बाई येऊन नाई राहिली. व्यापारी म्हनते, दोन दिस पाहीन, नाईतं दुसरा मळा धरीन."

आणि मी काय म्हणावं? "मामाजी, नशीब उघडलं तुमचं!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बिबट परवडला.

तेवढ्यात शेजारचा शेतकरी मारोती दहा-बारा जणांना घेऊन आला. हातात काठ्या, कुऱ्हाडी, आणि मारोतीकडे भरमार बंदूक.

"सरका बाबूजी. एक गोळी घालतो, मोकळं होऊ."

मी फाटकात आडवा हात करून उभा राहिलो. "बिबट्याला हात लावायचा नाही! पहिले मला मारा!"

"आमची लेकरं याच रस्त्यानं शाळेत जाते. तुमाले का जाते बोलाले?"

खरं होतं त्याचं. पण मीही हटलो नाही. "दोन दिवस द्या. वनखात्याचा माणूस आणतो. तो पकडून जंगलात सोडेल. गोळी नाही चालवायची!"

पुष्कळ बोलाचाली झाली. शेवटी मारोतीने बंदूक खांद्यावर टाकली. "दोन दिस. मंग आमी अन् थो."

मी पळत जाऊन वनखात्यात अर्ज दिला. त्यात लिहिलं, 'बिबट्याचे वास्तव्य निश्चित झाले आहे.' निश्चित! मी त्याची एक मिशी पाहिली नव्हती!

रेंजरसाहेब आले. जीप, पिंजरा, पिंजऱ्यात बकरी, सगळा लवाजमा. दोन दिवस त्यांनी मळ्याची माती पायाखाली घातली. सापडलं काय? साळिंदराचे काटे आणि मामाजींच्या कुत्र्याची पावलं. बकरी मात्र मजेत होती. पिंजऱ्याशेजारच्या झाडाचा तोंडाला येईल तेवढा पाला तिने फस्त केला.

शेवटी साहेबांनी सगळ्यांना फाटकाशी बोलावलं. "तेंदुआ देखा किसने?"

मारोती म्हणाला, "म्या नाई पाह्यला. गुलाबबाईनं सांगतलं."

गुलाबबाई म्हणजे तोडीच्या बायांची म्होरकी. ती म्हणाली, "म्या कायले पाहू? बसचा कंडक्टर वरडला, बिबटवाला मळा आला, उतरा म्हने. आमी बाया उतरलोच नाई. तशाच पुढं गेलो."

त्याच वेळी तीच बस आली. साहेबांनी थांबवली. कंडक्टर खिडकीतून बोट दाखवत म्हणाला, "मी काय मनचं बोलून राहिलो का साहेब? हा पाहा ना, सरकारी बोर्ड लागला हाय!"

सगळे पाटीसमोर जाऊन उभे राहिले. मीही. बाण पाहिला. बाणापुढचा मळा पाहिला. आणि आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्या टाळक्यात उजेड पडला.

मामाजींना वाचण्याशी घेणंदेणं नव्हतं. त्यांनी पत्र्यावर बोटाने टकटक केलं. "अरे, हा तं माया हिरीवरच्या मोटारघराचा दरवाजा हाय! आठ दिसापासून ढुंढून राहिलो!"

साहेब वाकून कोपरा वाचत होते. "आदेशानुसार? किसके आदेशानुसार?"

गप्प राहता आलं असतं. पण मारोतीच्या बंदुकीपुढे छाती काढलेला माणूस मी, आता काय लपणार? पुढे झालो.

"साहेब, अक्षर माझं आहे."

साहेब आधी लाल झाले, मग जीपला टेकून इतके हसले, की टोपी पडली. "बाबूजी, रक्षा तो आपने कमाल की की! जो है ही नहीं, उसे मारेगा कौन?"

सगळे हसले. गुलाबबाई तेवढी हसली नाही.

"भाऊ, आमी दहा बाया आठ दिस घरी बसलो ना," ती म्हणाली. "हातचं काम गेलं."

ते मात्र लागलं. साहेबांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. मी म्हटलं, "बाई, चूक माझी. उद्यापासून पहिल्या झाडाला शिडी मी लावतो. बिबट असला तर आधी मला खाईल."

गुलाबबाई म्हणाली, "पाहू."

कचेरीतून सुटी काढली. सकाळीच झाडावर. संत्र्याच्या झाडाला काटे असतात, हे मला माहीत होतं; किती असतात, ते तेव्हा कळलं! मुंगळे वेगळेच. पण उतरलो नाही. पहिल्या दिवशी मी एकटा. दुसऱ्या दिवशी गुलाबबाई एकटी आली, तासभर फाटकातून पाहत राहिली, आणि मग टोपली घेऊन आत शिरली. तिसऱ्या दिवशी दहाच्या दहा बाया हजर! दुसरीकडे भाव न जुळल्याने व्यापारीही परत आला. पीक निघालं एकदाचं, पडलं ते सोडून.

चौथ्या दिवशी दुपारी सडकेवर एक पांढरी अँबेसेडर थांबली. नागपूरचं कुटुंब. गळ्यात दुर्बीण, हातात कॅमेरा, बरोबर दोन पोरी. सौंसरचे पहिलेवहिले पर्यटक हो! माझा ऊर भरून आला.

मी शिडीवर होतो. डोक्याला फडकं, अंगभर ओरखडे, दाढी वाढलेली. उतरून स्वागत करणार, तोच त्यातल्या गृहस्थांनी मामाजींना विचारलं, "काका, इथे बिबट आहे म्हणतात. दिसेल का?"

मामाजींनी माझ्याकडे बोट केलं.

"थो काय, वरतं बसला हाय. फोटो काढा बिनधास्त, चावत नाई. पाट्या तेवढ्या लिवते."