काकांनी तालुका बंद केला

आपण वेळ सांगितल्याशिवाय वर्धा जिल्ह्यातला एकही माणूस कुठे पोचू शकत नाही, अशी माझ्या घरमालक काकांची प्रामाणिक समजूत आहे; आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्यापासून मलाही ती थोडीफार पटू लागली आहे. काका एस.टी.त कंट्रोलर होते. उभा जन्म त्यांनी डेपोच्या माइकसमोर बसून गाड्या पुकारल्या. निवृत्त झाल्यावरही ती सवय जाईना. नळाला पाणी आलं तरी ते गाडी लागल्याच्या थाटात पुकारतात, आणि पवनारला बहिणीकडे जेवायला गेले, की पहिल्या घासालाच परतीच्या गाडीची वेळ सांगून तिचा जीव घाबरा करतात. शेवटी नागपूरच्या भाचीनं त्यांना गाड्यांच्या वेळांची एक छोटीशी वेबसाइट करून दिली. रोज सकाळी ओळखीच्या कंडक्टरांना फोन करून कुठली गाडी रद्द, कुठली उशिरा, हे काका तिच्यावर टाकतात, आणि समुद्रपूर तालुक्यातली, जाम-गिरडकडची माणसं ते बघूनच घरातून निघतात.

अशा वेबसाइटवर कोणी हल्ला का करावा, हे मला अजून कळलेलं नाही. मी कॉलेजात मराठी शिकवतो. पण माझ्याकडे लॅपटॉप आहे एवढ्यावरून काकांनी मला या विषयातला जाणकार ठरवलं. एका सकाळी ते धापा टाकत जिना चढून आले. वेबसाइट उघडली, तर गाड्यांच्या जागी पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात! "सर, कोणीतरी पासवर्ड फोडून अंदर घुसला. लोक गिरडची गाडी पाहून राह्यले, अन त्यायले दिसून राह्यली इस्पिकची राणी!"

भाचीनं जाहिरात काढली, पासवर्ड बदलला आणि काकांना एक पान दाखवून दिलं. वेबसाइटचं दार कोण ठोठावतो, त्याचा इंटरनेटवरचा नंबर तिथे दिसे. नंबरावरून गाव काढता येई आणि तो नंबर बंदही करता येई. झालं! काकांचा चहा त्या पानासमोर निवू लागला. "हा पाहा सर, सिंगापूरचा. सिंगापूरच्या माणसाले समुद्रपूरच्या गाडीचं काय करायचं हाये?" मी म्हणालो, कदाचित तो माणूस नसेल, यंत्र असेल. "मंग यंत्राले तं काहीच करायचं नाई!" दुपारी तेच ठोठावणं हॉलंडहून येई, संध्याकाळी ब्राझीलहून. एकच चोर इतकी गावं फिरतो कसा, हे काकांना उमगेना. ते दिसेल तो नंबर बंद करत सुटले.

त्यात एक नंबर आपल्याकडचाच निघाला. काकांना मनापासून वाईट वाटलं. "आपलाच माणूस, सर," म्हणत त्यांनी त्याच्यासकट आजूबाजूच्या नंबरांची अख्खी रांगच बंद केली. दुसऱ्या दिवसापासून काकांना फोन सुरू झाले. समुद्रपूरकडे कोणाच्याच मोबाइलवर वेबसाइट उघडेना. भाचीनं फोनच्या स्पीकरवर उलगडा केला: मोबाइल कंपनी हजारो फोनांना मिळून इंटरनेटवरचा एकच नंबर देते. "मामा, एका चोरापायी तुम्ही अर्धा तालुका बंद केला."

"अन त्यातला चोर कोणता?"

"ते नाही कळत."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी लपवत होतो. मग फोनमध्ये म्हणाले, "म्हणजे चोर अन सवारी एकाच दारातून चढते. खोलून दे बाई सगळं. सवारी फाट्यावर उभी नाई राह्यली पाहिजे."

पासवर्ड तीनदा चुकला की पासवर्ड टाकायचं दार तेवढं काही वेळ आपोआप बंद व्हावं, अशी सोय आधी करते आणि मग रांग खोलते, असं भाची म्हणाली. त्यात काही दिवस गेले. तेवढे दिवस काका ओसरीत फोन घेऊन बसले. फोनवर फोन! "जामले उभ्या हा का? मंग चहा पिऊन घ्या, टाइम हाये." त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं, आणि हे संकट आहे की सण, याचाच मला प्रश्न पडला.

मग भाचीचं काम झालं. चोर अजून ठोठावतात, पण आत येत नाहीत. तालुक्याला गाड्या दिसू लागल्या आणि फोन थांबले. काका ओसरीतच बसून असत. मधूनच फोन उचलून त्यात चार्जिंग आहे ना, ते बघत. अभिनंदन करावं की समजूत घालावी, मला ठरवता येईना. एका संध्याकाळी मी वरूनच त्यांना फोन लावला.

"काका, गिरडला गाडी किती वाजता?"

त्यांनी दिवसभरातल्या साऱ्या गाड्या खणखणीत आवाजात पुकारल्या. अर्ध्या मला फोनमधून ऐकू आल्या, अर्ध्या जिन्यातून. मग त्यांनी हळूच विचारलं, "पण सर, तुमाले गिरडले काऊन जायचं हाये?"

"असंच," म्हणालो.

"मंग सकाळची धरा," काका म्हणाले. "तिच्यात खिडकीपाशी जागा भेटते."