सरवरीची दहा वाक्यं

शाहीनची शाळा माह्या घराच्या धाब्यावर भरते. सोनाळ्यात आमच्या गल्लीत मोबाइलले रेंज नाही, पण माह्या पाण्याच्या टाकीजवळ चार कांड्या येतात. रोज चार वाजले की पोट्टी वर चढते, टाकीले मोबाइल टेकवते अन् दिल्लीत पळून आलेल्या अफगाणी बायांले इंग्रजी शिकवते. तेबी फुकट! डी.एड. होऊन दहा वर्षं झाले, नोकरीचा पत्ता नाही, अन् हे धंदे. एक दिवस मी चिडलीच. म्हटलं, "काऊन वो, आपल्या गावचे लेकरं संपले काय, तर तू परक्या देशाच्या बायांले शिकवून राह्यली?"

"काकू, गावच्या लेकरांले घर तरी हाये," ती म्हणे.

मंग मी गप बसली. गप बसायचं दुसरंबी कारण होतं, आता लपवून काय करू? शाहीनचा भाऊ नौमान माह्याच वावरातून गेला. बोंडअळीचं साल होतं ते. बीटीले अळी लागत नाही म्हणून आम्ही मोठ्या भरोशानं लावली, अन् बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली, पंपातल्या औषधाचा फवारा सारा तोंडावर यायचा. नौमान माह्याकडं रोजानं फवारत होता. तिसऱ्या दिवशी डोळ्यापुढं अंधारी आली, बांधावर बसला तो उठलाच नाही. दवाखान्यात दोन दिवसांनी सरला.

चौकशीले साहेब आले. जेवला होता काय, तोंडाले काही बांधलं होतं काय, हात धुतले होते काय, सारं मले विचारलं. मले वाटलं, जितकं सांगीन तितकं त्याच्या बायकोले भरपाई मिळायच्या कामी येईल. म्हटलं, गरमीनं त्यानं तोंडाचा रुमाल सोडला होता, भूक लागली तर हात न धुता भाकर खाल्ली. दहा गोष्टी सांगतल्या, साहेबानं ह्या दोनच लिहिल्या. कागद आला तो शाहीननं वाचला: मजुराचा स्वतःचा निष्काळजीपणा. झालं, फाइल बंद. तोंडाले आग लागो माह्या! नौमानची बायको यास्मीन माहेरी वडनेरले निघून गेली. शाहीन मले एका शब्दानं बोलली नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर हिच्या वर्गात सरवरी नावाची बाई होती. नवरा मास्तर, तिकडं त्याले घराच्या दारातच गोळ्या घातल्या. दोन पोरी घेऊन ही दिल्लीत एका खोलीत राहे. बहीण दूरच्या एका देशात, त्या देशानं आपल्याले घ्यावं म्हणून हिनं अर्ज केलेला. मुलाखत एकदाच होणार होती. त्यात जमलं तर पोरींचं आयुष्य मार्गी लागणार, नाही तर ती खोलीच नशिबात.

शाहीननं तिले इंग्रजीत दहा वाक्यं लिहून देल्ले. म्हणे, "साहेब काहीबी विचारो, ह्याच्यातलंच सांगायचं. एक शब्द वर नाही. अन् दुभाष्या घेऊ नको, दुसऱ्याच्या तोंडी-हाती गेलं की आपलं सांगणं बदलते."

मी तिथंच मिरच्या वाळू घालत होती.  पोरीनं हे कुठून शिकलं, मले सांगायची गरज नव्हती. सरवरी मधीच नवरा गेला त्या सकाळचं काही सांगायले गेली की शाहीन हात वर करे, "नो, ओन्ली टेन." दोन महिने हेच चाललं. अर्थ न समजता मलेबी ते दहा पाठ झाले. एकदा वाटलं, म्हणावं, बोलू दे वो तिले. पण माह्या तोंडानं कोणत्या हक्कानं म्हणू?

मुलाखत झाली. महिन्यानं कागद आला: नामंजूर. उत्तरं घोकलेली वाटतात, विश्वास बसत नाही. साहेबानं विचारलं होतं, त्या सकाळी घरात काय चाललं होतं, नवरा काय म्हणाला, काय खाल्लं. बिचारीनं प्रत्येक प्रश्नाले त्या दहातलंच एक वाक्य देल्लं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता शाहीन वर आली अन् टाकीले मोबाइल टेकवला. सरवरी दिसली. शाहीन रडाले लागली, "गलती मेरी है, मेरी है." सरवरी रडली नाही. म्हणे, "मॅडम, अब बोलूँ?"

अन् मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं सारं सांगतलं, मले समजे असं. त्या सकाळी धाकटीनं खेळता खेळता बापाचा एक बूट लपवला. तो शोधता शोधता मास्तरले उशीर झाला. त्यानं अर्धी रोटी खाल्ली, अर्धी फडक्यात बांधली, हसत दारात गेला अन् ते गोळ्या घालणारे तेव्हाच आले. येळेवर निघाला असता तर सापडला नसता. धाकटीले हे आजूनबी माहीत नाही.

"ठीक बोली मैं?" तिनं विचारलं. शाहीन एरवी चूक सोडत नाही. त्या दिवशी म्हणे, "बिलकुल ठीक."

मोबाइल बंद केला अन् माह्याकडं वळली. सहा वर्षांत पहिल्यांदा भावाचं नाव काढलं. "काकू, नौमाननं त्या दिवशी भाकर कशासंगं खाल्ली होती?"

"ठेच्यासंगं," मी म्हटलं. "माह्याच हातचा ठेचा."

"हात काऊन नाही धुतले त्यानं?"

 सरवरी सारं सांगून गेली होती, आता मी कुठं पळू?

"पाणी नव्हतं वो पोरी. त्यानं मांगलं होतं. मीच म्हटलं, ड्रममधलं सारं फवाऱ्यात टाक, हात घरी जाऊन धू."

हे मी साहेबाले सांगतलं नव्हतं.