आडवं चार, खाली तीन

फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सहामाहीचे गणिताचे पेपर तपासत होते. भाचा म्हणाला, "आत्या, बाबा गेले. झोपेतच." मी बरं म्हणाले, फोन ठेवला, हातातला पेपर शेवटपर्यंत तपासला, मार्कांची बेरीज केली, सही केली आणि मग उठले. माणूस अशा वेळी असं का वागतो, मला ठाऊक नाही. त्याला आता सहा आठवडे झाले. मधूदादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. तो नसता तर मी गणिताची बाई झाले नसते, हे मी येता-जाता सगळ्यांना सांगते. पण ते किती खरं होतं, हे मलाच गेल्या आठवड्यात कळलं.

आम्ही तेव्हा गुलमंडीच्या मागं दोन खोल्यांत राहायचो. दुष्काळाची वर्षं. अण्णा रोजगार हमीच्या कामांवर हजेरी लिहायला जायचे आणि संध्याकाळी धुळीनं माखून, तिरसट होऊन परत यायचे. घरात कमावणारा दुसरा दादाच. आयटीआय करून तो चितेगावला टीव्हीच्या कारखान्यात लागला होता. तयार झालेल्या टीव्हीचं चित्र सरळ येतं की नाही, हे तपासण्याचं त्याचं काम. या गंभीर माणसाला एकच खूळ होतं. गुलमंडीतल्या रद्दीवाल्याकडून तो इंग्रजी चित्रकथांची जुनी पुस्तकं आणायचा. पिवळी पडलेली पानं, फाटकी मुखपृष्ठं, आत रॉकेट, काचेचं शिरस्त्राण घातलेली माणसं आणि मंगळावरून आलेले आठ पायांचे प्राणी. दादाचं इंग्रजी बेताचंच. तो चित्रं वाचायचा. आई म्हणायची, एवढ्या मोठ्या घोड्याला भुतं बघायचा नाद लागलाय.

मग एक दिवस भुतं टीव्हीवर आली. कारखान्यातल्या एका साहेबांनी परदेशातून आणलेला व्हिडिओ गेम बिघडला, तो त्यांनी दादाला देऊन टाकला. दादानं आठवडाभर खटपट करून तो चालू केला. आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर वरून रांगेनं ठोकळे उतरायला लागले. मी म्हणाले, हे काय, नुसते चौकोन! दादा मात्र डोळे बारीक करून बघत राहिला. मग उठून त्यानं पेटीतून एक पुस्तक काढलं, एक पान उघडून टीव्हीशेजारी धरलं आणि म्हणाला, "निमे, हे बघ. ह्यो त्योच हाय. ज्यानं गेम केला त्यानं ही पुस्तकं वाचल्यात." खरंच, आठ पायांचाच प्राणी होता तो, फक्त पायांतले चारच उरले होते. मग त्याला दुसरं खूळ लागलं. वहीच्या डाव्या पानावर पुस्तकातलं भूत, उजव्या पानावर आलेखाचा कागद चिकटवून त्यावर पेन्सिलीनं भरलेले चौकोन. मोजक्या चौकोनांत सगळं भूत मावत नाही, मग काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हीच त्या गेमवाल्याची हुशारी, असं तो सांगायचा. डोळे ठेवायचे, पाय वाकडे ठेवायचे, बाकी बघणारा आपल्या मनानं भरतो.

त्याच मार्चमध्ये मी दहावीत गणितात नापास झाले. अण्णांनी आवाज न चढवता सांगितलं की ऑक्टोबरात निघाली तर ठीक, नाहीतर जालन्याचं स्थळ आलंय, होकार कळवायचा. अण्णा एकदा बोलले की बोलले. मला सोळावं लागलं होतं आणि तो जालन्याचा मुलगा मी पाहिलाही नव्हता. मी रडत बसले. दादानं विचारलं, काय येत नाही? मी म्हणाले, काहीच नाही, आलेख तर मुळीच नाही. तो वही घेऊन आला.

"डोळा कुठं हाय याचा?"

मी बोट ठेवलं.

"बोटानं नाय. सांग."

अशी मी शिकले. आडवं चार, खाली तीन. शिंग आडवं दोन, खाली एक. तो कामावरून आला की चहा घ्यायच्या आधी भुतं घेऊन बसायचा. पुढं दोन रॉकेटं सोडायची, त्यांच्या वाटा कुठं छेदतात ते काढायचं, हेच समीकरणं सोडवणं. मला पहिल्यांदाच गणित आवडलं. चक्क आवडलं.

ऑक्टोबरात पेपर देऊन बाहेर आले तर मैत्रिणीच्या दोन रेषा वर छेदत होत्या आणि माझ्या खाली. टीव्हीच्या पडद्यावर चित्र वरच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन खाली येतं. दादा दिवसभर तेच बघायचा, म्हणून त्यानं वरून खाली मोजायला शिकवलं होतं. पुस्तकात खालून वर मोजतात, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मी घरी येऊन त्याला वाटेल ते बोलले. माझं आयुष्य तुझ्या भुतांनी खाल्लं, असंही म्हणाले. मी दोन आठवडे त्याच्याशी अबोला धरला... आज तो आठवला की लाज वाटते.

त्याचं स्वतःचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, पैठणची मुलगी. ते अचानक पुढं गेलं. अण्णा सगळ्यांना सांगायचे की दुष्काळात शे-दोनशे माणसांना पाणी कुठून पाजायचं. आम्हालाही ते पटलं. डिसेंबरात माझा निकाल लागला, मी काठावर पास. माघात दादाचं लग्न झालं. पुढं बीएस्सी, बीएड, नोकरी. शिकवायला लागल्यावर मला कळलं की आलेख उलटा काढला तरी छेदबिंदूचं उत्तर तेच येतं. दादाला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. गारखेड्यात ज्वारीच्या शेतालगत त्यानं प्लॉट घेऊन घर बांधलं. आता त्या घराच्या चारी बाजूंना इमारती आहेत, पण आतली छोटी खोली तशीच आहे, पुस्तकांच्या पेट्या आणि दोन खुर्च्यांची.

गेल्या आठवड्यात मी आणि वहिनी तिथं पेट्या उघडून जमिनीवर बसलो होतो. वही बघता बघता मी तो उलट्या आलेखाचा किस्सा पुन्हा सांगितला. वहिनी हसल्या नाहीत.

"वन्सं, आमचं लग्न पाण्यापायी नव्हतं थांबलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या गणितापायी थांबलं व्हतं."

दादानं अण्णांना सांगितलं होतं, चूक माझी आहे, निमी पास होईपर्यंत तिला पुन्हा बसू द्या. तोवर मी बोहल्यावर चढणार नाही. मग पैठणला जाऊन सासऱ्यांनाही तेच सांगितलं. सासरे भडकले, लग्न मोडायला निघाले. वहिनी आतल्या खोलीतून ऐकत होत्या.

"मी म्हनले, थांबू. कितीबी दिस थांबू."

बत्तीस वर्षं मी पोरींना गणित शिकवतेय, आणि ज्या दोघांनी त्यासाठी आपलं लग्न थांबवलं त्यांना ते का पुढं गेलं, हे मी साधं विचारलंही नव्हतं. दादाला आता सांगता येत नाही. मी वहिनींचे दोन्ही हात धरले, म्हणाले, तुमचे उपकार आहेत. त्यांनी हात सोडवून घेतले आणि चहा टाकायला उठल्या. जाताना दादाच्या खुर्चीकडे बोट करून म्हणाल्या, "बसा तिथं. रिकामी ठेवलेली नाय आवडायची त्यांना."


मी बसले.