जपानातलं ‘अहो’

मी आणि रोझीने शेवटचं एकत्र केलेलं काम म्हणजे मेथी निवडणं. आखातात, रोल्लातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पेपर पसरून बसलो होतो. “अहो, देठं भाजीत टाकताय!” ती ओरडली. त्याच संध्याकाळी छातीत दुखलं आणि ती गेली. खलास.

मेथीचा वास आला की ते ‘अहो’ ऐकू येतं आणि मला जपान आठवतं. मुलाने नातवंडांसकट आम्हाला ओसाकाकडे नेलं होतं. तिथे एका बागेत हरणं मोकळी फिरतात. त्यांची बिस्किटं मी शहाणपणा करून मागच्या खिशात ठेवली. झालं, पाच-सहा हरणं माझ्या पँटला लागली. रोझी लांबून किंचाळली, “अहो! अहो! पँट सांभाळा! अहो!” बिस्किटं विकणारी म्हातारी हसून हसून खालीच बसली.

नातीने मोबाइलमध्ये बघितलं. “ग्रँडपा, हिअर ‘अहो’ मीन्स इडियट!”

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून रोझी जन्मभर मला अहोच म्हणायची. ती डोळे पुसत म्हणाली, “बघा, चाळीस वर्षं मी खरंच बोलत होते.”

मी फुगलो. दिवसभर तिच्या हाकेला ओ दिली नाही. किती हाका फुकट घालवल्या ते आता कळतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला आणि नुसता उभा राहिलो. चहा वर आला. “अहो, उतू चाललाय!” मीच मोठ्याने ओरडलो, आणि गॅस बंद केला.